कोरडा ॲटमायझर

आयर्विन फेअरनने व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची वाफेची सिगारेट, सोडली त्याला दोन हिवाळे उलटले होते, आणि ही गोष्ट त्याने कोणालाही सांगितली नव्हती. घरात सांगण्यासारखं कोणी नव्हतं. लग्न केलं नाही. आईचं करता करता साठी आली, आणि मग आईही गेली. शेजारी चांगले होते, पण कचऱ्याचा डबा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा यापलीकडे त्यांच्याशी बोलणं जात नसे. राहता राहिली लॉर्ना मॉसप. तिला सांगायला हवं होतं, आणि नेमकं तिलाच सांगता येत नव्हतं.

लॉर्नाचं व्हेपचं दुकान इंग्लंडच्या उत्तरेकडच्या आमच्या वर्किंग्टनमध्ये बाजाराच्या मागच्या गल्लीत आहे. आधी तिथे लोकरीचं दुकान होतं, आणि भिंतीतले चौकोनी कप्पे अजून तेच आहेत. जिथे लोकरीचे गुंडे असत तिथे आता व्हेपमध्ये घालायच्या रसाच्या बाटल्या असतात. लॉर्नाने सुरुवात केली ती बाजारात एक घडीचं टेबल मांडून. तेव्हा आयर्विन दिवसाला दोन पाकिटं सिगारेटी ओढायचा. रुळांच्या कारखान्यात तापलेल्या लोखंडासमोर उभं राहून लागलेली सवय. कारखाना बंद झाला, पाडला, त्या जागेवर गवत उगवलं, तरी सवय राहिली. "तुझा खोकला आहे म्हणून मला गजर लावावा लागत नाही," असं त्याची आई म्हणायची. एक दिवस बाजारातून बटाटे आणताना तो लॉर्नाच्या टेबलासमोर थांबला, आणि त्या दिवसापासून त्याने सिगारेट पेटवली नाही.

त्या काळची व्हेप आजच्यासारखी नव्हती, की खिशातून काढली, ओढली, ठेवली. सिगारेटएवढी बॅटरी, आणि तिच्या टोकाला बोटाच्या पेराएवढा ॲटमायझर. ॲटमायझर म्हणजे तरी काय, आत एक केसासारखी बारीक तार; ती तापली की रसाची वाफ होते. त्या तारेवर दोन-तीन थेंब टाकायचे, चार झुरके घ्यायचे, पुन्हा थेंब टाकायचे. डेन्झिल टायसन टॅक्सी चालवायचा. तो सिग्नलला थांबला की मागच्या प्रवाशाच्या हातात बाटली द्यायचा आणि म्हणायचा, "बाईसाहेब, दोन थेंब टाकता का, माझे हात गुंतलेत." आणि लोक टाकायचे.

मग भरावाची नळी आली. तारेभोवती कापसासारखं काही ठासलेलं, त्यात रस मुरवायचा. मुरला नाही तर पहिल्याच झुरक्याला घशाला चटका. मग काचेसारखी आरपार दिसणारी नळी आली. तिच्यात तार वर आणि रस खाली, आणि वरून लांब पांढऱ्या वाती रसात सोडलेल्या. वाती रस वर ओढायला आळस करायच्या, म्हणून ती नळी दर थोड्या वेळाने औषधाच्या बाटलीसारखी उलटीसुलटी करावी लागे. आणि शेवटी आला तो हाताने बांधायचा ॲटमायझर. एक छोटीशी बैठक, तिच्यावर दोन खांब, खांबांना स्क्रू. तार स्वतः वळायची, स्क्रूखाली आवळायची, तिच्या वेटोळ्यातून कापसाची वात ओवायची, आणि बॅटरीला लावायच्या आधी तारेचा रोध मोजणाऱ्या मीटरवर तपासायची. तार कुठे चुकून टेकली असेल तर बॅटरी भडकायची भीती.

हे एकट्याने जमण्यासारखं काम नव्हतं. निदान तेव्हा तसं वाटायचं. लॉर्नाने दुकानाच्या मागच्या बाजूला एक टेबल टाकलं, वर चांगला दिवा लावला, मीटर ठेवला, आणि गुरुवारी दुपारी, जेव्हा बाजार अर्धाच असतो, तिथे माणसं जमायला लागली. आयर्विन तार वळायचा. स्क्रूड्रायव्हरच्या दांडीवर त्याचे वेढे एकाला एक लागून बसत. शाळेच्या स्वयंपाकघरात काम करणारी ग्लेनिस बर्केट कापूस ओवायची. "सैल घातला तर गळतो, घट्ट घातला तर जळतो," असं ती सांगायची, आणि मग दर वेळी पुढे म्हणायची, "नवऱ्यांचंही तसंच." डेन्झिलला दोन्ही जमायचं नाही. तो बोलायचा. गावात कोण कुठून कुठे गेलं ते टॅक्सीवाल्याला जेवढं माहीत असतं तेवढं पाद्र्यालाही नसतं.

पुढे तयार कॉइल, म्हणजे वातीसकट आयतं वळलेलं वेटोळं, मिळायला लागली. जुनी काढा, नवी फिरवून बसवा. मग पॉड आले, म्हणजे रसाच्या छोट्या कुप्या, त्यात कॉइल आतच बसवलेली. मग तर नुसती ओढायची आणि फेकून द्यायची आली, आणि सरकारने ती बंद केल्यावर तिच्यासारखीच दिसणारी पण भरता येणारी आली. लोकांना आता एकमेकांकडून काही शिकायचं राहिलं नाही. माणूस येतो, रंग सांगतो, चव सांगतो, जातो. ग्लेनिस मुलीकडे डेव्हनला राहायला गेली. डेन्झिल एका वसंतात यायचा थांबला. कार्लाइलला लेकीकडे गेला असं कोणीतरी म्हणालं, आणि त्याचा फोन लागेनासा झाला. आयर्विन मात्र दर गुरुवारी येत राहिला. टेबल तेच, दिवा तोच, लॉर्ना गिऱ्हाइकं सांभाळत अधूनमधून मागे येऊन चहा ठेवून जायची.

व्हेप सुटली ती त्याने सोडवली म्हणून नाही. लॉर्ना त्याच्या रसातलं निकोटिन आधीपासून थोडं थोडं उतरवत आली होती. मग त्याला छातीचा मोठा ताप आला. बिछान्यात पडून राहिला, लॉर्नाने पाठवलेल्या सूपवर आणि पाण्यावर. उठला तेव्हा व्हेप खिडकीत तशीच पडलेली होती, आणि तिच्याकडे पाहून त्याला काहीच वाटलं नाही. त्याने दोन दिवस वाट पाहिली. तरी काही वाटेना. एवढी वर्षं जे मानगुटीवर बसलं होतं ते न सांगता उतरून गेलं होतं. त्याला आनंद झाला, आणि हे गुरुवारी लॉर्नाला सांगायचं असं ठरवून तो निघाला.

दुकानाच्या दारात पोचला तर लॉर्नाने त्याला काचेतूनच पाहिलं. तिने किटली लावली. मागे गेला तर टेबलावरचा पसारा बाजूला सारून तिने मीटर मधोमध ठेवला होता, आणि स्क्रूड्रायव्हर, आणि कापसाची पट्टी.

"मेलात की काय वाटलं मला," लॉर्ना म्हणाली. "बसा. कॉइलची वाट लागली असेल ना पार?"

"लागली," आयर्विन म्हणाला, आणि बसला.

तेव्हापासून हे चाललं होतं. बुधवारी दुपारी जेवण झालं की तो स्वयंपाकघराची खिडकी उघडायचा, ॲटमायझर बॅटरीला लावायचा, आणि रस न घालताच बटण दाबून धरायचा. तार लाल व्हायची, कोरडा कापूस तपकिरी पडायचा, मग काळा. जळका वास सुटायचा. तो वास जायला संध्याकाळ लागायची. गुरुवारी लॉर्नासमोर तो झाकण काढायचा तेव्हा वात वापरून वापरून जळल्यासारखी दिसायची, आणि लॉर्ना म्हणायची, "काय हो, चिमणीसारखे ओढता की काय?" रस तो विकत घेत राहिला. बाटल्या सिंकखालच्या कपाटात साठत गेल्या.

गेल्या शरद ऋतूत एका गुरुवारी तो दुकानात गेला तर मागच्या टेबलावर खोकी होती. लॉर्ना बाह्या वर सारून भिंत मोजत होती. "आयर्विन, बरं झालं आलात. हे टोक धरा." त्याने टेपचं टोक धरलं.

"काय करतेस?"

"इथे पार्सलचे कप्पे करायचेत. लोक घरबसल्या काय काय मागवतात, आणि ते इथून घेऊन जाणार. व्हेपवर आता दुकान नाही हो चालत. पुढच्या आठवड्यात सुतार येतोय."

"आणि टेबल?"

"टेबल चॅरिटीवाल्यांना देईन. घ्या धरा नीट, सुटतंय तुमच्या हातातून."

मोजून झाल्यावर तिने हात पुसले आणि गल्ल्याखालून एक कागदी पिशवी काढली. पिशवीत एक छोटी, राखाडी, चपटी वस्तू होती, साबणाच्या झिजलेल्या वडीएवढी. आणि खाली दोरी गुंडाळलेला तो मीटर.

"ही माझ्याकडून तुम्हाला. भेट. तुम्ही नको म्हणणार, म्हणून आधीच पिशवीत घातलीय. हे बघा." तिने वरचा तुकडा उपसला आणि पुन्हा ठेवला, लोहचुंबकाने तो टक्‌ करून बसला. "हा पॉड. इथून रस भरायचा, पाच-दहा मिनिटं मुरू द्यायचा, आणि ओढायचं. बटणही नाही. ओढलं की आपोआप चालू होते. चव जळकी लागली की अख्खा पॉड टाकून द्यायचा, दुसरा लावायचा. तार नाही, वात नाही, काही नाही. पावसापाण्यात दर आठवड्याला इथवर यायची कटकट गेली तुमची. महिन्यातून एकदा आलात तरी पुष्कळ."

"आणि मीटर?"

"अहो, तुमचा जीव जुन्यातच अडकलाय, ठाऊक आहे मला. बांधावंसं वाटलं तर घरी बांधा. तो आता तुमचाच."

गिऱ्हाईक आलं म्हणून ती पुढे गेली. आयर्विनने पिशवी घेतली. जाताना त्याने "उपकार झाले, पोरी," असं म्हटलं, आणि लॉर्नाने हात हलवला. तिला खरंच वाटलं होतं की आपण म्हाताऱ्याचं ओझं उतरवलं.

घरी येऊन त्याने ती राखाडी वस्तू ओट्यावर ठेवली. दोन दिवस तिला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी बाहेर सारखी झड लागली होती, आणि रेडिओवर फुटबॉल चालू होता. त्याने कपाटातली एक बाटली काढली आणि पॉड हातात घेऊन बसला. मनात हिशेब आला तो असा: रोज ओढली तर पॉड पंधरवड्यात जळेल. मग नवा आणायला जावं लागेल. जास्त ओढली तर आठवड्यात.

बाटलीचं बूच त्याने उघडलं. पुदिन्याचा गोडसर वास आला. बराच वेळ तो बाटली तिरकी धरून बसला. रेडिओवर कोणीतरी गोल केला, लोक ओरडले, थांबले. आयर्विनला एकाएकी आपली शरम वाटली. आयुष्यात एकच गोष्ट अशी होती, जी घट्ट धरून बसली होती आणि तरी सुटली होती. आणि आपण ती पुन्हा लावून घ्यायला निघालो, का, तर दुकानात जायला कारण हवं म्हणून. त्याने बूच लावलं. मग कपाटातल्या सगळ्या बाटल्या काढून पिशवीत भरल्या आणि पिशवी दाराशी नेऊन ठेवली.

पुढचा गुरुवार उजाडला. तो नेहमीच्या वेळेला कोट चढवून निघाला, कारण घरात बसवेना. बंदरापर्यंत गेला. भरती होती. एक माणूस कुत्र्याला चेंडू टाकत होता. कुत्रा चेंडू आणून आयर्विनच्या पायाशी ठेवायचा आणि तो माणूस दुरूनच "सॉरी हं" म्हणायचा. परत येताना त्याने मटणाचा एक पॅटिस घेतला आणि बसस्टँडच्या बाकावर बसून खाल्ला. तीन बसवाल्यांनी त्याच्याकडे पाहून दार उघडलं, आणि त्याने मान हलवल्यावर मिटलं.

त्याच्या पुढच्या गुरुवारी तो दुकानात गेला. पिशवीत ती राखाडी व्हेप होती आणि बाटल्याही होत्या. मागची भिंत नव्या लाकडी कप्प्यांनी भरली होती. दिव्याची जागा फक्त ओळखू येत होती, कारण तिथला रंग वेगळा होता.

"पॉड गळतोय," तो म्हणाला. वाटेत हेच ठरलं होतं.

"लगेच? दाखवा बरं." लॉर्नाने पॉड उपसला, उजेडाकडे धरला, कागदाच्या रुमालावर झटकला. रुमालावर काही पडलं नाही. तिने चष्मा लावून पुन्हा पाहिलं. "आयर्विन, यात तुम्ही रसच नाही घातला. कापूस पांढराशुभ्र आहे."

आयर्विनने पिशवीतल्या बाटल्या चाचपल्या.

"मग गळेल काय, कपाळ? शेवटचं ओढलंत कधी?"

"ते... मागच्या तापाच्या आधी."

"कुठला ताप? आता ताप आला होता?"

"आता नाही. तो मोठा. तू डबाभर सूप पाठवलं होतंस बघ."

लॉर्नाने चष्मा काढला. "त्याला किती दिवस झाले. त्याच्यानंतर नाही ओढली? एकदाही?"

"इच्छाच राहिली नाही."

"आणि दर गुरुवारी ती काळी वात घेऊन यायचात, ती?"

"जाळायचो," आयर्विन म्हणाला. "घरी. बुधवारी."

दुकानात एक बाई चव निवडत उभी होती. ती कलिंगडाची बाटली हातात घेऊन त्यांच्याकडे पाहायला लागली. लॉर्नाने ती बाटली पटकन पिशवीत घालून दिली आणि बाईला दारापर्यंत पोचवलं. परत आली तेव्हा आयर्विन बाटल्या एकेक करून काउंटरवर मांडत होता.

"या उघडलेल्या नाहीत. एक उघडलीय, ती मी घेऊन जातो."

"ठेवा हो ते." ती त्याच्याकडे पाहत राहिली. "मला सांगितलं असतंत तर मी काय तुम्हाला हाकलून दिलं असतं?"

"नसतंस दिलं."

"मग?"

आयर्विनने शेवटची बाटली काउंटरवर ठेवली. "हातात काही नसलं की बसता येत नाही, लॉर्ना. दुकान आहे हे. लोक येतात जातात. नुसतं कसं बसायचं?"

ती मागे वळून कप्प्यांकडे पाहायला लागली. तिच्या मनात काय आलं ते आयर्विनला कळलं, आणि तो घाईने म्हणाला, "कप्पे छान झालेत." तेवढ्यात पार्सलवाला आला आणि दोघं त्याच्या वाटेतून सरकली. तो गेल्यावर लॉर्ना म्हणाली, "डेन्झिलकडे तरी जाता की नाही?"

"डेन्झिल कुठे आहे हेच मला माहीत नाही."

"म्हणजे? मला वाटलं तुमचं काहीतरी फाटलं, म्हणून मी विषय काढत नव्हते. अहो, अर्धांगाचा झटका आला त्याला. सिलथला आहे तो, वृद्धाश्रमात. लेक महिन्याने येते, त्याच्यासाठी पॉड नेते. म्हणते, बाबा ते फेकून मारतात."

* * *

सिलथला जायचं तर मेरीपोर्टला बस बदलावी लागते. समुद्राच्या कडेने रस्ता जातो. पलीकडे स्कॉटलंडचे डोंगर ढगांतून दिसतात न दिसतात. आयर्विनने कोटाच्या एका खिशात जुना ॲटमायझर आणि दुसऱ्यात तार, कापूस, स्क्रूड्रायव्हर घेतला होता. मीटर पिशवीत होता. हे सगळं का घेतलं हे कोणी विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं. रिकाम्या हाताने जायचं नाही, एवढंच.

आश्रमातल्या एफुआ नावाच्या बाईने त्याला मागच्या काचेच्या खोलीत नेलं. डेन्झिल खिडकीकडे तोंड करून चाकाच्या खुर्चीत होता. एवढा मोठा माणूस, टॅक्सीची सीट त्याला पुरायची नाही, तो आता खुर्चीत एका बाजूला कलला होता, आणि डावा हात मांडीवर कोणीतरी ठेवून दिल्यासारखा पडला होता.

"डेन्झिल, कोण आलंय बघ," एफुआ म्हणाली.

डेन्झिलने पाहिलं. तोंडाची एक बाजूच हलली. "मेला नाहीस अजून," तो म्हणाला. शब्द जड येत होते, पण कळत होते.

"नाही. तू?"

"चालू आहे प्रयत्न."

आयर्विन त्याच्यासमोर बसला. खिडकीपाशी तशीच राखाडी साबणवडीसारखी व्हेप पडलेली होती. आयर्विनने ती उचलली. "ही फेकून मारतोस म्हणे."

"हिला वजन नाही. लागत नाही कोणाला." डेन्झिलने श्वास घेतला. "आयर्विन, हिला काही करावंच लागत नाही रे. ओढायचं. ठेवायचं. झालं. बाकीचा दिवस मी काय करू?"

आयर्विनने खिसे रिकामे केले. ट्रेवर रुमाल पसरला, त्यावर सगळं मांडलं. तार पाहताच डेन्झिलची मान थोडी सरळ झाली. एफुआ मात्र लगेच पुढे आली.

"हे काय आहे? इथे असली जुनी यंत्रं चालत नाहीत. बॅटरी तर मुळीच नाही. आग लागली तर?"

"बॅटरी नाही आणली," आयर्विन म्हणाला. "नुसतं वळायचंय. पेटवायचं नाही."

"नुसतं वळून काय करणार?"

"ग्लेनिसला विचारा. ती म्हणेल, नवऱ्यांचंही तसंच," डेन्झिल म्हणाला. एफुआला काही कळलं नाही, पण तो हसतोय हे तिने पाहिलं, आणि ती दार उघडं ठेवून गेली.

आयर्विनने तारेचं एक टोक डेन्झिलच्या उजव्या हातात दिलं. "धर घट्ट." स्वतः स्क्रूड्रायव्हर फिरवायला लागला. डेन्झिलची बोटं थरथरत होती, तार मधेच सैल पडायची, वेढे एकमेकांवर चढायचे. आयर्विन उलगडायचा, पुन्हा सुरू करायचा. तिसऱ्यांदा सहा वेढे बरे बसले. त्याने ती स्क्रूखाली आवळली आणि मीटरवर ठेवली. आकडा आला.

"किती?" डेन्झिलने विचारलं.

"दीड ओहमच्या आसपास. चांगली आहे."

"म्हणजे तू अजून हेच ओढतोस. लेका, जग कुठे गेलं."

आयर्विन कापसाची वात वळत होता. वर न बघता म्हणाला, "मी ओढतच नाही. सुटली. केव्हाच."

डेन्झिल त्याच्याकडे पाहत राहिला. मग त्याच्या छातीतून एक आवाज निघाला. आयर्विन घाबरून उठला, पण ते हसणं होतं. "एकाला पेटवू देत नाहीत," डेन्झिल म्हणाला, "आणि एकाला पेटवायची नाही. आणि बांधतोय काय, तर हे." खांदा हलेपर्यंत तो हसला. मग डोळ्यांतून पाणी आलं, ते त्याला स्वतःला पुसता येईना म्हणून आयर्विनने रुमालाच्या टोकाने पुसलं.

त्या हिवाळ्यात आयर्विन दर गुरुवारी सिलथला जात राहिला. बर्फामुळे बस बंद झाली तेवढी वेळ सोडून. बांधायचे, मोजायचे, उलगडायचे. एकच तार उलगडून पुन्हा वळायची, ती तुटेपर्यंत. डेन्झिल त्याच्या टॅक्सीतल्या गोष्टी सांगायचा. आधी पूर्ण सांगायचा. ख्रिसमसनंतर मधेच थांबायला लागला आणि शेवट आयर्विन सांगायचा, कारण त्याने त्या सगळ्या मागच्या टेबलावर ऐकलेल्या होत्या. पुढे पुढे डेन्झिल तार धरायचा आणि विसरायचा की ती आपल्या हातात आहे. एकदा त्याने आयर्विनला गिऱ्हाईक समजून कुठे सोडू म्हणून विचारलं. आयर्विन म्हणाला, "स्टेशनला." डेन्झिलने मान डोलावली आणि खिडकीबाहेर पाहत राहिला, रस्ता असावा तसा.

फेब्रुवारी सरता सरता तो झोपेत गेला. लेकीने लॉर्नाला कळवलं, लॉर्ना दुकान बंद करून आयर्विनच्या घरी सांगायला आली. इतक्या वर्षांत ती त्याच्या घरी पहिल्यांदाच आली होती. त्याने चहा केला. तिने कोट काढला नाही.

अंत्यसंस्काराला दोन-तीन टॅक्सीवाले आले होते, लेकीचं कुटुंब, एफुआ, लॉर्ना आणि आयर्विन. ग्लेनिसने डेव्हनहून फुलं पाठवली होती. लेकीने आयर्विनचा हात दोन्ही हातांत धरला. "बाबा तुमच्याबद्दल बोलायचे. पण मला कळायचं नाही, ते म्हणायचे, गुरुवारी स्टेशनचं भाडं येतं." आयर्विनने "हो" एवढंच म्हटलं.

लॉर्ना त्याला म्हणाली, "आता गुरुवारी येत जा. काही नको आणायला. नुसते या." आणि तो जायला लागला. काउंटरच्या कडेला ती एक स्टूल ठेवते. तो बसतो, चहा पितो, पार्सल घ्यायला लोक येतात तेव्हा पाय आत ओढून घेतो. लॉर्ना विचारते, जेवलात काय, तो सांगतो. तो विचारतो, धंदा कसा, ती सांगते. मग दोघांनाही पुढचं वाक्य शोधावं लागतं. पूर्वी त्यांच्यामध्ये ती वीतभर तार असायची, आणि तिच्याकडे पाहत बोललं की बोलणं आपोआप निघायचं. आता तोंडाकडे पाहून बोलावं लागतं, आणि दोघांनाही त्याची सवय नाही. अर्ध्या तासात तो उठतो. ती म्हणते, "बसा हो थोडं," आणि तो म्हणतो, "काम आहे." काम नसतं हे तिलाही माहीत असतं. पण तो ते सरळ म्हणतो, आणि ती सरळ ऐकते, आणि तो टोपी घालून बाजाराच्या बाजूने घराकडे चालायला लागतो.